शेखाडीचा किनारा आणि मतामागची नोट

आमच्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोटकं बनतात, तीही कडक पहाऱ्यात. मग १९९३ च्या फेब्रुवारीत रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलंच कसं? कारण वाट आधीच तयार होती. सोन्या-चांदीच्या तस्करीसाठी कस्टम्स आणि पोलिसांतल्या काहींचे हात ओले झालेले होते. त्याच वाटेने स्फोटकं आली. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. पुढे टाडा न्यायालयात असे काही अधिकारी दोषीही ठरले.

आता यात निवडणूक कुठे आली? त्याच वर्षी जुलैत केंद्राने गृहसचिव एन. एन. व्होरा यांची समिती नेमली. तिच्या अहवालाचं सार असं: तस्करी आणि जमिनींच्या व्यवहारांतून टोळ्यांकडे पैसा येतो, त्यातून गुंड पोसले जातात आणि निवडणुकीत तेच बळ राजकारण्यांच्या कामी येतं. टोळ्यांना मिळतं संरक्षण.

म्हणून मतामागे वाटलेल्या नोटेकडे नुसता भ्रष्टाचार म्हणून बघून भागत नाही. ती कुठून आली हे आपण विचारत नाही. देणारा मात्र वसुली करतोच: कधी ठेक्यातून, तर कधी किनाऱ्यावरचा पहारा ढिला करून.