साण्यापासून डक्टपर्यंत: घराचा श्वास कोण झाडतं?

आजच्या अहिल्यानगर शहराच्या आग्नेयेला, रणगाडा संग्रहालयाजवळ फराहबख्श महाल आहे. लोक त्याला फऱ्याबाग म्हणतात. मुर्तजा निजामशहाला आधीची इमारत पसंत पडली नाही, म्हणून ती पाडली गेली. सलाबतखानाच्या देखरेखीत बांधलेली नवी इमारत १५८३मध्ये पूर्ण झाली. डोंगरावरच्या ज्या कबरीला आपण सगळे 'चांदबिबीचा महाल' म्हणतो, ती सलाबतखानाची.

नगरचा एप्रिल ज्याने काढलाय, त्याला या महालामागचं डोकं लगेच कळेल. अष्टकोनी इमारत, चहूकडे तळं. पाण्यावरून आलेला वारा उंच कमानींतून आत यायचा, तापलेली हवा मधल्या घुमटाकडे चढायची आणि जाड भिंती ऊन बाहेरच अडवायच्या. एसी नव्हता, पण हवेला वाट होती. त्यासाठी तळं भरलेलं लागायचं, आणि तळं भरायला नळाने दुरून आणलेलं पाणी. निजामशाही गेली, निगा राखणारं कोणी उरलं नाही, तळं कोरडं पडलं. भिंती राहिल्या, गारवा गेला.

महाल सुलतानाचा होता. रयत राहायची माळवदाच्या घरात. मातीच्या जाड भिंती, खिडक्या नावापुरत्या. चुलीचा धूर जायला छतात एक भोक ठेवलेलं असे, ते साणं. उजेडही तिथूनच यायचा. पावसात त्यावर फरशी नाहीतर पालथं घमेलं. घटस्थापनेआधी घर काढायचं, तेव्हा बाया लांब काठीला फडकं बांधून तिथली काजळी आणि जळमटं झाडायच्या. हे काम बाईचं, आणि वर्षभराचा धूरही तिच्याच छातीत. पण साणं तुंबलं, तर डोळे चुरचुरून घरातल्या प्रत्येकाला ते कळायचं.

डक्टचं तसं नाही. १९०२मध्ये विलिस कॅरियरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतली आर्द्रता ताब्यात ठेवणारी यंत्रणा आखली, ती कागद नीट राहावा म्हणून. पुढे तीच हवा पत्र्याच्या बंद मार्गांतून थिएटर, हॉस्पिटल, ऑफिसात आली. मार्ग फॉल्स सीलिंगच्या वर गेला आणि नजरेआड झाला. १९७६मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात जमलेल्या माजी सैनिकांमध्ये न्यूमोनियासारखा आजार पसरला आणि तिसाहून जास्त माणसं गेली. तो जिवाणू हॉटेलच्या एसी यंत्रणेतल्या पाण्यात वाढला असावा, असं पुढे मानलं गेलं.

म्हणून डक्ट दरवर्षी साफ करायलाच हवेत का? अमेरिकेची पर्यावरण संस्था तसं म्हणत नाही. नुसती धूळ झाडल्याने आजार टळतात, हे सिद्ध झालेलं नाही. बुरशी दिसली, उंदीर-किडे शिरले किंवा धुळीने वाट तुंबली, तर साफसफाई जरूर करा, आणि ओल कुठून आली तेही शोधा. घरातल्या स्प्लिट एसीला तर डक्टच नसतो. त्याचा फिल्टर धुतला तरी बरंच काम होतं. तुंबलेला फिल्टर बदलला, तर एसीची वीज ५ ते १५ टक्के वाचू शकते, असा अमेरिकी ऊर्जा विभागाचा अंदाज आहे.

हॉटेलच्या किचनमध्ये मात्र सवलत नाही. शिर्डीच्या रस्त्यावर दिवसरात्र तळण चालतं. एक्झॉस्टच्या डक्टमध्ये तेलाचा चिकट थर साचतो. कढईतला भडका तिथवर पोचला, की आग छताच्या वरून पळते. तो थर वेळच्या वेळी खरवडणं हा आगीपासूनचा साधा विमा आहे. भट्टीपाशी उभं असतं ते बहुतेक वेळा तुमच्याच वयाचं पोरगं.

साणं झाडायची जबाबदारी कुणाची, हे घराला माहीत होतं. ते काम एकट्या बाईवर होतं, हा अन्यायच. पण डक्टच्या बाबतीत नावच ठरलेलं नसतं: मालक, भाडेकरू की मेंटेनन्सवाला? तुम्ही जिथे काम करता, तिथे एवढं विचारून बघा: वरचं झाकण शेवटचं कधी उघडलं, आणि कुणी?