खेळातले दळण

व्हिडिओ गेम हा पोरासोरांचा विषय. त्याचा इतिहासाशी काय संबंध, असे आपणांपैकी पुष्कळांना वाटत असेल. परंतु आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शब्दांत श्रम कोठे दडले आहेत, हे पाहण्याची आम्हांला खोड आहे. या खेळांत पुढची पायरी गाठण्यासाठी तेच ते काम शेकडो वेळा करावे लागते. त्या कामाला देशोदेशीचे खेळाडू काय म्हणतात, ते पाहण्याजोगे आहे.

इंग्रजीत त्याला 'ग्राइंड', म्हणजे दळणे, म्हणतात. आपणही 'तेच ते दळण' म्हणतोच. जात्याचे कष्ट दोन्ही भाषांना ठाऊक होते.

कोरियातला शब्द अधिक बोलका आहे. तेथे १९९८ साली 'लिनिएज' हा खेळ निघाला. राक्षस मारीत तासन् तास बसावे लागे. अशा राबण्याला तेथील खेळाडू 'नोगादा' म्हणतात. मूळ शब्द जपानी, 'दोकाता'. अर्थ मातीकाम करणारा मजूर. १९१० ते १९४५ कोरियावर जपानची सत्ता होती. स्वातंत्र्यानंतर जपानी शब्द हुसकावण्याची मोहीम झाली. परंतु हा मजूर काही हटला नाही. बांधकामावरून उठून तो नातवंडांच्या खेळात जाऊन बसला.

चीनमध्ये आधीची पिढी 'ल्यान-जी', म्हणजे पायरी वाढविण्याचा सराव, असे म्हणे. पुढच्या पिढीने त्याच कामाला 'गान' म्हटले. गान म्हणजे यकृत. जागरणाने यकृत बिघडते, अशी तेथील समजूत. सराव गेला आणि शरीराची झीज आली, हा फरक ध्यानात घ्यावा.

याच चीनमध्ये, २००४ सालच्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळानंतरच्या काळात, तरुण पोरे बारा-बारा तासांच्या पाळ्यांत खेळातले सोने मिळवीत. मालक ते परदेशी खेळाडूंना खऱ्या पैशांत विकी. म्हणजे खेळातले दळण पुन्हा खरी मजुरी झाले! आणि त्या पोरांना खेळाडूंनी नाव दिले 'गोल्ड फार्मर', सोन्याचे शेतकरी, तेही हेटाळणीने.

आपली मुलेही आज 'ग्राइंड'च म्हणतात. त्यांची भाषा बिघडली म्हणून आम्ही गळा काढणार नाही. कष्टकऱ्याचा शब्द खेळात शिरल्याने हलका होत नाही. मात्र तो शिवी म्हणून वापरला जाऊ लागला, की कोणाची तरी मजुरी कमी लेखली जात आहे, एवढे ओळखावे आणि मुलांनाही ओळखायला शिकवावे.