बँडचा खर्च कोणी सोसायचा?

मैदानात वाजणाऱ्या बँडला दार नसते आणि दार नाही तिथे तिकीट लावता येत नाही. क्लॅरिनेट, कॉर्नेट, ट्रॉम्बोन ही फुंकवाद्ये उघड्यावर दूरवर ऐकू जातात. हेच त्यांचे बळ आणि हीच जमाखर्चातली अडचण. अमेरिकेत या अडचणीवर तीन वेगवेगळे उपाय करून पाहिले गेले.

पहिला उपाय तिकिटाचा. १८९२ मध्ये जॉन फिलिप सूझा यांनी सरकारी मरीन बँड सोडला आणि व्यवस्थापक डेव्हिड ब्लेकली यांच्या साहाय्याने स्वतःचा बँड उभारला. अनुदान नव्हते, सारी भिस्त तिकीटविक्रीवर. वादकांचे पगार, रेल्वेभाडे, मुक्काम हे खर्च रोजचेच, त्यामुळे रिकामा दिवस म्हणजे तोटा. म्हणून दौऱ्यात अनेकदा दुपारी एका गावी आणि रात्री दुसऱ्या गावी कार्यक्रम होई. पुढे रेडिओ आणि बोलपट आले, तसे हे गणित अवघड झाले. १९३१ मध्ये दौरे संपले. पुढच्याच वर्षी सूझा वारले.

दुसरा उपाय दात्याचा. न्यूयॉर्कमध्ये एडविन फ्रँको गोल्डमन यांनी १९१८ पासून उन्हाळ्यात मोफत मैफली सुरू केल्या. आरंभी त्यासाठी वर्गणी गोळा करावी लागे. पुढे गुगेनहाइम कुटुंबाने भार उचलला. श्रोत्यांना मैफल फुकट मिळाली, पण बँडचे भवितव्य एका घराण्याच्या इच्छेशी बांधले गेले.

तिसरा उपाय कराचा. बँडमास्तर जॉर्ज लँडर्स यांच्या खटपटीने आयोवा राज्यात १९२१ मध्ये कायदा झाला. मतदारांनी कौल दिल्यास गावाला बँडसाठी कर बसवता येऊ लागला. रस्त्यावरच्या दिव्यांप्रमाणे संगीतही गावाची सोय ठरले. फोर्ट डॉजचे बँडमास्तर कार्ल किंग यांनी या कायद्याच्या नावाने एक मार्चही रचला.

मात्र कर म्हणजे सुबत्ता नव्हे. किंग बँड चालवत, त्याच वेळी आपल्या रचना छापून विकण्याचा व्यवसायही करत. छोट्या गावांतले वादक तर दिवसा दुसरी कामे करत आणि संध्याकाळी वाद्य हाती घेत. कराने त्यांचा संसार चालला नाही; बँड मात्र चालला. गुणवत्तेत सूझांचा बँड निःसंशय वरचढ, पण तो त्यांच्याबरोबर संपला. किंग १९७१ मध्ये गेले. त्यांच्या नावाचा नगरबँड फोर्ट डॉजमध्ये त्यांच्यानंतरही वाजत राहिला.