तीन दुकानं, एकच ग्राइंडर?

पोस्ट लांब झाली आहे, सवडीने वाचा. पण ज्यांच्या घरात ड्रिल, कटर, ग्राइंडर यांपैकी काहीही आहे त्यांनी नक्की वाचा.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा आमच्या पूर्णगडात होड्यांची डागडुजी चालते. गेल्या पावसात मुचकुंदीच्या काठावर एका फायबरच्या होडीवर आम्ही तिघं काम करत होतो. तिघांच्या हातात चार इंची ग्राइंडर. रंग एक, कंपनीचं नाव एक. चुलतभावाने त्याचा मुंबईहून, नागदेवी स्ट्रीटवरून आणलेला. शेजारच्या सुताराने मोबाइलवरून मागवलेला. माझा रत्नागिरीतल्या एका दुकानातला. तिसऱ्या दिवशी माझ्या ग्राइंडरमधून धूर आला आणि तो हातातच बसला. नशीब, डिस्क फुटली नाही. चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे फिरतो. तुकडा उडाला असता तर ही पोस्ट लिहायला मी नसतो.

सुतार म्हणाला, "भाऊ, रत्नागिरीत येतो तो सगळा सेकंडचा माल. खरा माल मुंबईतच उरतो."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. रेडिओबद्दल ऐकलं, मिक्सरबद्दल ऐकलं, होडीच्या इंजिनबद्दलही. या वेळी ठरवलं, बघूच. तिन्ही मशीन वाइंडिंगवाल्याकडे नेऊन उघडायला लावली.

भावाचं आणि सुताराचं मशीन आतून स्क्रूपर्यंत सारखं निघालं. प्लेटवर मॉडेल नंबर तोच, तांब्याचं वाइंडिंग, बेअरिंगवर चालणारं आर्मेचर. माझ्या मशीनमध्ये ॲल्युमिनियमची तार आणि बेअरिंगच्या जागी बुश. प्लेटवर मॉडेल नंबरच नाही, नुसता वॅटचा आकडा. कंपनीच्या नावातलं एक अक्षरही वेगळं होतं. ते मी घेताना पाहिलं नव्हतं, कारण सहाशे रुपये स्वस्त मिळालं म्हणून मी खुशीत होतो. बिल? कच्चं. "ग्राइंडर १ नग."

म्हणजे सुताराचं वाक्य खोटं ठरलं, पण निम्मंच. असं वाटायला लागलं कधी, हे शोधायला गेलो तर गोष्ट बरीच मागे जाते.

आपल्या गावगाड्यात हा प्रश्नच नव्हता. कोयती लोहार बनवायचा आणि लोहारच विकायचा. पाणी नीट पाजलेलं नसलं तर धार मुडपायची आणि माणूस तीच कोयती घेऊन त्याच्या भात्यासमोर उभा राहायचा. बनवणारा आणि विकणारा एकच, शिवाय त्याचं बलुतं आपल्याच खळ्यावरून जायचं. पुढे आगबोटीतून विलायती कानशी, करवती, पटाशा आल्या आणि बनवणारा समुद्रापलीकडे गेला. उरला दुकानदार, आणि वस्तूवरचा शिक्का.

शिक्का आला तशी त्याची नक्कलही आली. शेफिल्डच्या कारागिरांची तक्रार होती की जर्मन माल आपल्या नावाने खपतो. त्यातून १८८७ साली ब्रिटनने कायदा केला की परदेशी मालावर तो कुठला ते लिहा. दोन वर्षांत, १८८९ मध्ये, हिंदुस्थानातही मर्चंडाइज मार्क्स ॲक्ट आला. गंमत अशी की 'मेड इन जर्मनी' हा शिक्का लाज वाटावी म्हणून मारायला लावला आणि काही वर्षांत तोच दर्जाची खूण झाला. आज माझ्या जळलेल्या ग्राइंडरच्या खोक्यावरही 'जर्मन टेक्नॉलॉजी' लिहिलंय.

विजेचं हातड्रिलही मूळ जर्मनीचंच म्हणायला हरकत नाही. १८९५ साली स्टुटगार्टच्या फाइन कंपनीने ते बाजारात आणलं. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली चाप हे रूप अमेरिकेत ब्लॅक अँड डेकरने दिलं, त्याचं पेटंट १९१७ चं. आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींना मात्र एकच नाव माहीत, वुल्फ. मुलुंडच्या कारखान्यातलं राली वुल्फचं ड्रिल. जड, पण एकदा घेतलं की मुलाच्या लग्नापर्यंत चालायचं. ते नागदेवीवर घ्या नाहीतर रत्नागिरीत, फरक असायचा तो गाडीभाड्याचा. आयातीवर बंधनं होती, निवड नव्हती, त्यामुळे फसायला वावही कमी होता. (ते दिवस चांगले होते असं मला म्हणायचं नाही. नवं ड्रिल घेणं बहुतेक सुतारांच्या आवाक्याबाहेर होतं, हेही खरंच.)

१ एप्रिल २००१ ला ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरची उरलीसुरली संख्यात्मक बंधनं उठली. त्यानंतर चिनी माल किती आला ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. गावातल्या पोराच्या हातात पहिल्यांदा स्वतःचं मशीन आलं ते त्यामुळेच. आणि एकाच रंगाची तीन मशीन तीन भावांना मिळायला लागली, तीही तेव्हापासूनच.

दुकानदारांची बाजूही सांगायला हवी. नामांकित कंपन्याही एकाच चेहऱ्याची दोन मशीन काढतात, एक रोज आठ तास राबणाऱ्यासाठी आणि एक घरी वर्षातून चार भोकं पाडणाऱ्यासाठी. दोन्ही खरीच असतात, नंबरातला एखादा आकडा किंवा अक्षर वेगळं असतं. ऑनलाइनवर स्वस्त दिसणारं मशीन पुष्कळदा हे दुसरं असतं. म्हणून भावाची तुलना करताना आधी पूर्ण नंबर जुळवा. नंबर तोच आणि माल अस्सल, तर दुकान बदलल्याने आतलं तांबं बदलत नाही. बदलतं ते नंतरचं. सुताराचं कार्बन झिजलं तेव्हा ऑनलाइनवाल्याने आठ दिवस सांगितले; रत्नागिरीतल्याच दुसऱ्या एका दुकानाने त्याच दुपारी काढून दिलं.

आणि आपण कोकणातल्यांनी तर या बाबतीत फार भोळेपणाचा आव आणू नये. वाशीच्या मार्केटात कर्नाटकचा आंबा रत्नागिरीच्या पेटीत भरतात म्हणून आपण वर्षानुवर्षं ओरडलो, २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेढे वाटले. पेटीवरच्या नावाने आतला आंबा ठरत नाही हे ज्यांनी मुंबईकरांना शिकवलं, त्यांनीच ग्राइंडर मात्र खोक्याचा रंग बघून घेतला. त्यात मी पहिला.

कायदा आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष वस्तूमुळे इजा झाली आणि बनवणाऱ्याचा पत्ताच लागत नसेल, तर विकणाऱ्यालाही जबाबदार धरता येतं. लोहाराच्या भात्यासमोर उभं राहण्याचा हक्क एवढ्या वर्षांनी कागदावर परत आला म्हणा. पण माझ्या कच्च्या बिलावर ना दुकानाचं नाव, ना मॉडेल. दाद मागायची कुठल्या आधारावर?

हे आत्ताच लिहितोय त्याला कारण आहे. पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, होड्या बांधणारे यांना पंधरा हजार रुपयांपर्यंतची अवजारं मिळतात. आपल्या भागातल्या कुणाला मिळाली असतील किंवा मिळणार असतील, तर हातात आल्या आल्या प्लेटचा फोटो काढून ठेवा. आयएसआय शिक्का असेल तर त्याखालचा सीएम/एल नंबर बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा, परवाना कुणाच्या नावावर आहे ते दोन मिनिटांत दिसतं. चौकोनात चौकोन अशी खूण म्हणजे दुहेरी इन्सुलेशन. ओल्या होडीवर काम करणाऱ्याला ती फार महत्त्वाची. आणि डिस्कवरचं कव्हर काढून काम करू नका, मशीन कितीही अस्सल असलं तरी.

माझा ग्राइंडर वाइंडिंगवाल्याकडेच पडून आहे. तांब्याची तार भरायचे साडेसातशे सांगतोय, मी अजून हो म्हटलेलं नाही.

कुणाच्या माळ्यावर जुनं वुल्फ असेल तर कमेंटमध्ये फोटो टाका. प्लेट पुसून घ्या, नंबर वाचता आला पाहिजे.