भोजनदान आणि तपासणी

विहाराचा वर्धापनदिन असो, १४ एप्रिलची जयंती असो की वैशाखी पौर्णिमेचे खीरदान, भोजनदानाशिवाय आपला कार्यक्रम पुरा होत नाही. वर्गणी जमते, आचारी ठरतो, मोठमोठी पातेली येतात. पण ‘अन्न व औषधवाले तपासायला येणार’ असे कोणी म्हटले की आपली माणसे बिथरतात. ‘आम्ही काय हॉटेल चालवतो? दान करतो, त्यात तपासायचे काय?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्या धम्माच्या इतिहासातच आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

भगवान बुद्धांच्या काळी संघात भोजनाची व्यवस्था पाहण्यासाठी ‘भत्तुद्देसक’ नेमला जाई. राजगृहात दब्ब मल्लपुत्त या भिक्खूंनी हे काम केल्याचे विनयपिटकात येते. ज्याच्या मनात पक्षपात, द्वेष, मोह आणि भय नाही, त्यालाच हे काम द्यावे असा नियम होता. आजच्या तपासनिसालाही हीच कसोटी लावावी! मिळालेले अन्न साठवून दुसऱ्या दिवशी खाण्यास भिक्खूंना मनाई होती. पाणी गाळण्याचे साधन तर भिक्खूच्या आठ वस्तूंपैकी एक.

सातव्या शतकात चीनहून आलेले इत्सिंग नालंदेत सुमारे दहा वर्षे राहिले. विहारांत रोज सकाळी पाणी तपासले जाई, जेवणापूर्वी हातपाय धुतले जात आणि उरलेले अन्न पुन्हा वाढले जात नसे, असे त्यांनी नोंदवले आहे. पाण्यातले जीव मरू नयेत हा त्यामागचा मुख्य हेतू. रोगजंतूंचे शास्त्र तेव्हा कुठे होते? पण पाहिल्याशिवाय वापरायचे नाही, ही शिस्त होती.

पावा नगरीतील चुंदाची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. त्याने वाढलेले सूकरमद्दव भगवंतांनी इतरांना देऊ दिले नाही. उरलेले खड्ड्यात पुरायला सांगितले. नंतर ते आजारी पडले, तेव्हा चुंदाला कोणी दोष देऊ नये म्हणून आनंदाकडे निरोप ठेवला. घातक अन्न थांबवायचे, पण दात्याला अपमानित करायचे नाही, हा बोध यातून घ्यावा.

आपल्या लोकांना ‘तपासणी’ शब्द टोचतो, त्यालाही कारण आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर सनातन्यांनी १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ केले. शेणमूत्र टाकलेले पाणी शुद्ध आणि माणसाचा हात लागलेले अशुद्ध! ते सोवळे जन्म पाहत होते. आजची तपासणी हात धुतले की नाही हे पाहते. हात कोणाचा हे पाहत नाही. हा फरक आपण तरी विसरू नये.

१९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याच्या जागी २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. त्यातील व्याख्येत नफ्यासाठी नसलेले कामही येते, आणि धार्मिक वा सामाजिक मेळाव्यात अन्न वाटणाऱ्यांचाही नोंदणीच्या नियमांत उल्लेख आहे. अन्नसुरक्षा अधिकारी पाहणी करून नमुना घेऊ शकतो. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो.

हे कशासाठी, ते शेजारच्या नांदेड जिल्ह्याने पाहिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये लोहा तालुक्यातील कोष्टवाडीला महाप्रसादानंतर सुमारे दोन हजार लोकांना विषबाधा झाली. त्याच महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातील सोमठाणा येथे भगर-आमटी खाऊन आजारी पडलेल्यांना उघड्यावर, दोरीला सलाईनच्या बाटल्या टांगून उपचार द्यावे लागले. वाढणाऱ्यांची श्रद्धा काही कमी नव्हती. पण श्रद्धेने जंतू मरत नाहीत.

आपल्या परभणीच्या वैशाखात तर दुधाची खीर फार जपावी लागते. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून खीर गरमच वाढावी, दोन तासांहून जास्त निवत ठेवू नये, आणि शिल्लक राहिलेली संध्याकाळी शेजारी वाटू नये. टँकरचे पाणी क्लोरीन टाकूनच वापरावे. जुलाब-उलटी झालेल्या माणसाने, मग तो कितीही जुना कार्यकर्ता असो, त्या दिवशी स्वयंपाकाला हात लावू नये.

अधिकारी येवोत न येवोत, आपल्यातलाच एक निःपक्षपाती भत्तुद्देसक आपण नेमावा आणि त्याचा शब्द आचाऱ्यापासून अध्यक्षांपर्यंत सर्वांनी मानावा. पंगतीत आपलीच म्हातारी माणसे आणि लेकरे बसलेली असतात. ती धडधाकट घरी परतली, तरच दान पूर्ण झाले.

जयभीम!