छायाचित्र, एकपाठी आणि लीळाचरित्राचे पाठ

लीळाचरित्र शिकवताना पाठभेदांपाशी आलो, की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो : ‘यातला खरा पाठ कोणता?’ बरीच वर्षे आम्ही ‘परीक्षेपुरता छापील पाठ धरा’ असे सांगून वेळ मारून नेली. या प्रश्नामागे एक गृहीतक दडलेले आहे, हे आमच्या उशिरा ध्यानात आले. उत्तम स्मृती ही छायाचित्रासारखी असते. प्रसंग एकच, तेव्हा त्याची निर्दोष आठवणही एकच असणार, असे ते गृहीतक. म्हणून मुळात ‘फोटोग्राफिक मेमरी’ नावाची वस्तू माणसापाशी असते का, हेच आधी पाहिले पाहिजे.

हे रूपक उघडच अर्वाचीन आहे. दागेरचे छायाचित्रणतंत्र १८३९ मध्ये जगापुढे आले. त्याआधी प्लेटोला स्मृती मेणावर उमटलेल्या ठशासारखी वाटली होती. आपल्याकडचा शब्द ‘एकपाठी’. तो डोळ्यांपेक्षा कानांशी आणि वाणीशी जोडलेला आहे. वेदपाठकांची अचूकता विस्मयकारक खरीच, परंतु ती पद, क्रम, जटा, घन अशा पाठपद्धतींनी आणि अनेक वर्षांच्या अभ्यासाने सिद्ध होते. तिथे ‘एकदा पाहिले आणि उमटले’ असा प्रकार नाही.

मानसशास्त्राने या कल्पनेची परीक्षा घेतली आहे. काही लहान मुलांना समोरून उचललेले चित्र थोडा वेळ डोळ्यांपुढे दिसत राहते. पण ते लवकर विरते आणि त्यातही चुका असतात. १९७० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एका स्त्रीविषयी निबंध आला. एका डोळ्याने पाहिलेला हजारो ठिपक्यांचा नमुना ती दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डोळ्यापुढच्या नमुन्याशी मनातल्या मनात जुळवू शकते, असा त्यात दावा होता. तो प्रयोग पुन्हा कुणावरही यशस्वी झालेला नाही. प्रौढ माणसाला शब्दशः छायाचित्रासारखी स्मृती असल्याचा निर्विवाद पुरावा आजवर मिळालेला नाही.

मग असामान्य स्मृतीची माणसे असतात ती कशी? मॉस्कोतील वार्ताहर सोलोमन शेरेशेव्हस्की याचा अभ्यास अलेक्झांडर लूरिया यांनी १९२०च्या दशकापासून सुमारे ३० वर्षे केला आणि १९६८ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. लांबलचक शब्दयाद्या तो अनेक वर्षांनीही बिनचूक सांगे. त्याची रीत अशी : प्रत्येक शब्दाचे चित्र कल्पून ते ओळखीच्या रस्त्यावर एकेका जागी ठेवायचे आणि आठवताना त्या रस्त्याने मनाने चालत जायचे. पांढऱ्या भिंतीपुढे ठेवलेले अंडे त्याला एकदा ‘दिसलेच’ नाही, म्हणून तो शब्द सुटला. म्हणजे ही स्मृतीही रचलेलीच होती. साहित्याच्या अभ्यासकांनी विसरू नये अशी गोष्ट पुढेच आहे. प्रत्येक शब्दाचे चित्र उभे राहत असल्याने कविता वाचताना त्याचा अर्थ हातातून निसटे. माणसांचे चेहरे सतत बदलतात, म्हणून ते त्याला ओळखता येत नसत. नको त्या आठवणी पुसाव्यात म्हणून त्या कागदावर लिहून त्याने ते कागद जाळूनही पाहिले.

आता पुन्हा लीळाचरित्राकडे वळू. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी गावोगाव फिरून ज्यांनी जे पाहिले-ऐकले ते टिपले आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतले. १४व्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या आठवणींतून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, असे महानुभाव परंपरा सांगते. हीराइसेचे नाव या संदर्भात आदराने घेतले जाते. तिचा, रामेश्वरबासांचा, परशरामबासांचा असे पाठ त्यांच्या त्यांच्या नावांनी ओळखले जातात.

आम्हांला महत्त्वाची वाटते ती ही नावे. पंथीयांच्या दृष्टीने स्वामींचा शब्द परमपवित्र होता. एकच पाठ प्रमाण ठरवून बाकीचे बुडवण्याचा मोह किती मोठा असेल! तरीही आठवण कुणाची, हे त्यांनी सांगून ठेवले. आठवण ही कुणाची तरी असते, तिला तिच्या धन्याचे कान आणि कल असतात, हे त्यांना उमगले होते. म्हणूनच ती तपासता येते, दुसरीशी ताडून पाहता येते.

‘खरा पाठ कोणता?’ या प्रश्नाला आता आम्ही छापील प्रतीकडे बोट दाखवत नाही. दोन पाठ फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो आणि विद्यार्थ्यांना आधी एवढेच विचारतो : हे कुणाला आठवले, आणि त्याला हेच का आठवले असावे? संपादनशास्त्राचा अभ्यास तिथून सुरू होतो, असे आमचे मत झाले आहे.