हमीदा बानू : एका मल्ल-स्त्रीची व्यावसायिक कारकीर्द

'पहिलवान' हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि तालमीच्या जगात असा रुळला की, त्याचे स्त्रीलिंगी रूप घडविण्याची निकड भाषेला फारशी भासली नाही. हमीदा बानू यांच्यासाठी वृत्तपत्रांना 'अलीगढची अमेझॉन' हे ग्रीक कथेतले बिरुद उसने आणावे लागले, यात नवल नाही.

मूळच्या मिर्झापूरच्या हमीदा बानू अलीगढ येथे सलाम पहिलवान यांच्या हाताखाली तयार झाल्या. 1944 साली मुंबईत गूंगा पहिलवानाशी त्यांची कुस्ती ठरली, तेव्हा सुमारे 20,000 प्रेक्षक जमल्याची नोंद आहे. प्रतिस्पर्ध्याने ऐन वेळी अधिक पैसे आणि अधिक अवधी मागितला. कुस्ती रद्द होताच प्रेक्षकांनी मैदानाची नासधूस केली. मल्ल-स्त्रीच्या नावावर तिकिटे खपत होती, एवढे यावरून निर्विवाद ठरते.

1954 च्या फेब्रुवारीत त्यांनी जाहीर केले की, जो कुस्तीत हरवील त्याच्याशी आपण विवाह करू. पतियाळा व कलकत्ता येथील दोघे मल्ल पराभूत झाले. मे महिन्यात बडोद्यास बाबा पहिलवान 1 मिनिट 34 सेकंदांत चीत झाला. तोपर्यंत 320 कुस्त्या जिंकल्याचा त्यांचा दावा होता. उंची 5 फूट 3 इंच, वजन 108 किलो, दिवसाचे दूध साडेपाच लिटरांहून अधिक, असा तपशील त्या काळी मोठ्या चवीने छापला जाई. डावपेचांविषयी मात्र लेखक मंडळी फारशी बोलत नाहीत.

महाराष्ट्रात त्यांचे स्वागत एकसारखे झाले नाही. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली कुस्ती कुस्ती-संघटनेच्या विरोधामुळे होऊ शकली नाही. कोल्हापुरात त्यांनी शोभासिंग पंजाबी याला हरविले, तेव्हा जमावाने हुर्यो केली, दगड मारले आणि पोलिसांना बोलवावे लागले. बंदीविरुद्ध त्यांनी मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. बंदी स्त्रीत्वामुळे नसून, आयोजक बनावट प्रतिस्पर्धी उभे करतात अशा तक्रारींमुळे आहे, असे उत्तर मिळाले.

हे उत्तर सर्वस्वी निराधार मानता येत नाही. तिकिटांवर चालणाऱ्या कुस्तीत नुरा कुस्तीचा संशय नेहमीचाच होता. परंतु त्याच दशकात दारासिंग आणि किंगकाँग यांच्या सामन्यांभोवतीही तोच संशय वावरत असताना त्यांची लोकप्रियता अबाधित राहिली. कोल्हापूरचे दगड केवळ फसवणुकीच्या रागापोटी पडले, असे म्हणणे म्हणूनच कठीण आहे. पुरुष मल्ल स्त्रीकडून चीत होणे, हेच बहुधा त्या आखाड्याला सहन झाले नसावे.

त्याच वर्षी मुंबईत रशियाच्या वेरा चिस्टिलिन यांना एका मिनिटाच्या आत हरवून त्यांनी युरोपात लढण्याचा मनोदय प्रकट केला. तो सिद्धीस गेला नाही. लवकरच कुस्तीच्या बातम्यांतून त्यांचे नाव लोपले. कल्याण येथे दुधाचा व्यवसाय करून त्यांनी उत्तरायुष्य काढले. 1986 साली त्या निवर्तल्या.

स्त्रियांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली ती 2004 साली, अथेन्स येथे. महिला महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा 2023 च्या मार्चमध्ये सांगलीत भरली. अंतिम लढतीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडी विजयी झाल्या. त्यांच्यासमोर उभ्या होत्या कल्याणच्या वैष्णवी पाटील.